चार रकाने आणि एक जिना: तालुक्याच्या एका वाचनालयाचं प्रकरण

पार्श्वभूमी

उत्तर महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावात हे वाचनालय आहे. वय शंभरीच्या पुढे. पेठेत स्वतःची दुमजली इमारत. तळमजल्यावर सभागृह, वरच्या मजल्यावर देवघेव विभाग, बालविभाग आणि दोन कपाटांच्या आडोशाला चोवीस खुर्च्यांची अभ्यासिका. ओळख पटू नये म्हणून गावाचं आणि माणसांची नावं मी देत नाही. संस्थेचे आकडे जवळच्या पूर्ण संख्येत दिले आहेत.

महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ चा. त्याखाली मान्यता मिळालेल्या ग्रंथालयांना अ, ब, क, ड असे वर्ग आणि त्या वर्गाप्रमाणे वार्षिक अनुदान मिळतं. हे वाचनालय ‘तालुका ब’ वर्गातलं. २०२२ च्या अखेरीस शासनाने अनुदानात साठ टक्के वाढ केली, तेव्हा या वर्गाचं अनुदान २,८८,००० रुपयांवरून ४,६०,८०० रुपयांवर गेलं. आकडा मोठा वाटतो. पण यातला निम्मा भाग पगाराचा. ग्रंथपाल, लिपिक आणि शिपाई अशा तिघांत तो सारखा वाटला, तर वाढीनंतर माणशी महिन्याला ६,४०० रुपये येतात. वाढीआधी ४,००० येत होते. उरलेल्या निम्म्यात पुस्तकं, नियतकालिकं, वीज, बांधणी, दुरुस्ती सगळं बसवायचं. ग्रंथालयांच्या नियोजनाबद्दल कुणी बोलायला लागलं की मी आधी हा हिशेब फळ्यावर मांडते.

कार्यकारिणी अकरा जणांची. अध्यक्ष जुने व्यापारी, गाव त्यांना अण्णा म्हणतं. कार्यवाह निवृत्त मुख्याध्यापक, म्हणजे सर. ग्रंथपाल ताई एकोणीस वर्षं तिथे आहेत. मी जिल्ह्याच्या ठिकाणी छोट्या संस्थांच्या कार्यकर्त्यांसाठी नियोजनाची शिबिरं घेते. सर अशाच एका शिबिराला आले होते. २०२३ च्या पावसाळ्यात त्यांचा फोन आला, “मॅडम, आमच्याकडे येऊन ते चार रकान्यांचं करून द्याल का?” ते स्वॉट विश्लेषणाबद्दल बोलत होते.

अडचण काय होती

अडचण सांगताना सरांनी छपराची सांगितली. वरच्या मजल्याचं छप्पर दोन पावसाळे गळत होतं. भिंतीलगतची तीन कपाटं प्लास्टिकच्या कागदाखाली झाकून ठेवलेली होती.

खरी अडचण छपराच्या निमित्ताने पुढे आली होती. गावातल्या एका बांधकाम व्यावसायिकाने प्रस्ताव ठेवला होता: जुनी इमारत पाडायची, तळमजल्यावर आणि पहिल्या मजल्यावर दुकानं काढायची, दुसरा मजला वाचनालयाला बांधून द्यायचा, वर काही रक्कमही द्यायची. कार्यकारिणीतले चार जण याच्या बाजूने होते. चार जणांना इमारतीला हात लावायचा नव्हता. अण्णांसह तिघे यातल्या कुठल्याच बाजूला नव्हते. दोन बैठका भांडणात मोडल्या होत्या. एका तरुण सदस्याचं तिसरंच म्हणणं होतं. ते म्हणत होते की पुस्तकं कोण वाचतंय आता, सभागृहात सशुल्क अभ्यासिका काढा, संस्था आपोआप उभी राहील.

म्हणजे मला बोलावलं तेव्हा तीन उत्तरं तयार होती आणि प्रश्न कुणी लिहून काढलेला नव्हता. बलस्थानं, उणिवा, संधी आणि धोके मांडायची स्वॉट पद्धत अशा वेळी हमखास आठवते. तिचा धोकाही अशाच वेळी सगळ्यात जास्त असतो, कारण जो तो आपल्या उत्तराला सोयीचे मुद्दे रकान्यात भरतो.

पहिली बैठक

ऑगस्टमधल्या एका रविवारी सभागृहात बसलो. मी फळ्यावर चार रकाने आखले आणि लोक सांगतील तसं लिहीत गेले. दीड तासात एक्केचाळीस मुद्दे झाले. शतकी परंपरा, अठरा हजार ग्रंथ, मोक्याची जागा, निष्ठावान कर्मचारी, दरवर्षीची व्याख्यानमाला, गावात मान. बलस्थानांत सतरा, उणिवांत सहा. संधींत कंपन्यांचा सीएसआर, म्हणजे सामाजिक जबाबदारीचा निधी, स्पर्धा परीक्षा, परदेशी गेलेले गावकरी. धोक्यांत सगळ्यात वर “मोबाइलमुळे वाचन संपलं”. ते वाक्य तिघांनी तीनदा सांगितलं.

सगळे खूश होते. फळ्याचा फोटो काढला गेला, चहा झाला. मी मात्र परतीच्या एसटीत अस्वस्थ होते. सतराला सहा हे प्रमाणच बोलकं होतं. अध्यक्षांसमोर उणिवा सांगायला कोण धजावणार? आणि ज्या बाईला या वाचनालयाबद्दल सगळ्यात जास्त ठाऊक, त्या ताई इतिवृत्त लिहीत बसल्या होत्या. दीड तासात त्यांनी एक शब्द उच्चारला नव्हता, आणि मी त्यांना विचारलं नव्हतं. ही चूक माझी.

१९९७ मध्ये हिल आणि वेस्टब्रुक या दोन अभ्यासकांनी ब्रिटनमधल्या वीस कंपन्यांची स्वॉट विश्लेषणं तपासली होती. त्यांना लांबलचक याद्या सापडल्या, मुद्द्यांना वजन दिलेलं नव्हतं, पुरावा जोडलेला नव्हता, आणि पुढच्या नियोजनात त्या याद्यांचा वापर कुणी केलेला दिसला नाही. आमचा फळा त्याच वाटेवर होता.

पहिला निर्णय: पुरावा मागायचा

दुसऱ्या दिवशी मी सरांना फोन केला आणि सांगितलं की पुढची बैठक महिनाभर लांबवू. तोवर प्रत्येक मुद्द्यासमोर एक रकाना वाढवायचा: ‘हे कशावरून?’ उत्तर वाचनालयाच्याच दप्तरातून यायला हवं. सर क्षणभर गप्प झाले. मग म्हणाले, “दप्तर ताईंकडे आहे.”

पुढचे चार शनिवार मी ताईंबरोबर बसले. देवघेव नोंदवही, दाखल नोंदवही, वर्गणीची पावतीपुस्तकं, सभागृहाच्या भाड्याची वही, धर्मादाय कार्यालयाची फाइल. महाविद्यालयातल्या दोन मुली मोजणीला आल्या. या चार शनिवारांत जे कळलं ते थोडं सविस्तर सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

कागदावर सभासद ६४०. गेल्या सहा महिन्यांत एकदा तरी पुस्तक नेलेले २१०.

ग्रंथ अठरा हजार. सहा महिन्यांत घराबाहेर पडलेली वेगवेगळी पुस्तकं दोन हजारांच्या आसपास. शेवटची ग्रंथगणना नऊ वर्षांपूर्वीची. फाटलेली, वाळवी लागलेली पुस्तकं बाद करायची म्हटलं की लेखापरीक्षणाची भीती पुढे येई, म्हणून ती तशीच उभी. पण याच कपाटांत खाली, ओलीच्या भिंतीला टेकून, जुन्या मासिकांचे बांधीव खंड होते. ‘मनोरंजन’ने १९०९ मध्ये दिवाळी अंक काढला आणि मराठीत ही प्रथा रुजली, त्यानंतरच्या काही दशकांतली मासिकं आणि दिवाळी अंक इथे सलग आहेत. पीएचडीचे विद्यार्थी अधूनमधून ते पाहायला येतात. हे बलस्थान फळ्यावर कुणीच सांगितलं नव्हतं.

निष्ठावान कर्मचारी या मुद्द्यावर मी बराच वेळ थांबले. ताई निष्ठावान आहेत यात शंका नाही. पण कोणतं पुस्तक कुठे आहे, कोणता सभासद कोणत्या लेखकाच्या मागे आहे, कोणता अर्ज कधी करायचा, हे सगळं एका माणसाच्या डोक्यात आणि त्या माणसाला वाढीनंतरही किरकोळ मानधन. हा मुद्दा आम्ही बलस्थानांतून काढून उणिवांत लिहिला. तो तिथे गेला तेव्हा ताईंनी पहिल्यांदा माझ्याकडे सरळ पाहिलं.

सीएसआरची संधी अशीच. कंपनी कायदा २०१३ च्या सातव्या अनुसूचीत सार्वजनिक ग्रंथालयं उभारणं स्पष्ट लिहिलेलं आहे, म्हणून ही संधी कागदावर खरी. पण असा निधी घ्यायला तेव्हा संस्थेकडे आयकराची १२ए नोंदणी (संस्थेच्या उत्पन्नाला करसवलत) आणि ८०जी मान्यता (देणगीदाराला करसवलत) लागत असे, आणि १ एप्रिल २०२१ पासून कंपनी कार्य मंत्रालयाकडे सीएसआर-१ अर्जाची नोंदणीही. इथे १२एचं जुनं प्रमाणपत्र चौकटीत लावलेलं होतं, नव्या पद्धतीप्रमाणे पुन्हा नोंदणी केलेली नव्हती, आणि ८०जी कधी घेतलंच नव्हतं. त्याहून वाईट, गेल्या दोन निवडणुकांनंतरचे बदल अर्ज, म्हणजे नव्या पदाधिकाऱ्यांची नोंद करायचे अर्ज, धर्मादाय कार्यालयात मंजूर झालेले नव्हते. म्हणजे त्या कार्यालयाच्या दप्तरी वाचनालयाचे अध्यक्ष अजून एक दिवंगत गृहस्थ होते. ही उणीव दूर होईपर्यंत ती संधी आपल्यापुरती नाहीच, हे मी बैठकीत तीनदा सांगितलं.

जिना

मोबाइलच्या मुद्द्याला पुरावा कुठून आणायचा, हा प्रश्न होता. दप्तरात तो मिळणार नव्हता. ताई म्हणाल्या, “सोडून गेलेल्यांनाच विचारूया ना.” एवढं साधं मला सुचलं नव्हतं.

गेल्या तीन वर्षांत येणं थांबवलेल्या साठ सभासदांची यादी केली. ताईंनी आणि त्या दोन मुलींनी फोन लावले. त्रेचाळीस जण बोलले. मुली उत्तरं वहीत लिहीत गेल्या. अकरा जण म्हणाले, वेळ जुळत नाही. वाचनालय सकाळी आणि संध्याकाळी उघडं असे, दुपारी बंद, आणि घरातल्या बायकांना मोकळा वेळ दुपारीच. नऊ जण म्हणाले, नवीन पुस्तकं येत नाहीत. सहा जण गाव सोडून गेले होते. मोबाइल किंवा टीव्ही हे कारण तिघांनी दिलं.

आणि चौदा जणांनी जिना सांगितला.

दगडी जिना, पायऱ्या उंच, एका बाजूला कठडा नाही. एक आजोबा म्हणाले, “वर यायला होत नाही बाई, आणि पोराला पाठवलं तर तो भलतंच पुस्तक आणतो.” एका बाईंचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. त्या अठ्ठावीस वर्षांच्या सभासद. त्यांनी वर्गणी बंद केली तेव्हा त्यांना कुणी कारण विचारलं नव्हतं.

खाली तळमजल्यावर सभागृह होतं. भाड्याच्या वहीप्रमाणे ते वर्षात चाळीसेक दिवस वापरात असे: व्याख्यानमालेचे आठ दिवस, बाकी साड्यांचे सेल, साखरपुडे, एखादं आरोग्य शिबिर. उरलेले सव्वातीनशे दिवस कुलूप. पुस्तकं वर, रिकामी खोली खाली. ज्यांनी आयुष्यभर वर्गणी भरली ती माणसं पेठेतून जाताना त्या कुलपासमोरून जात होती. मला त्या दिवशी फार वाईट वाटलं, आणि आजही हे लिहिताना वाटतं.

पर्यायांची तुलना

ऑक्टोबरच्या सुरुवातीला दुसरी बैठक झाली. या वेळी मी दोन गोष्टी बदलल्या. आधी प्रत्येकाकडून बिननावाच्या चिठ्ठ्या घेतल्या. आणि ताईंना आमच्यात बसवून दप्तरातलं त्यांच्याच तोंडून मांडायला सांगितलं. एक्केचाळीस मुद्द्यांतून मतदान घेऊन प्रत्येक रकान्यात पाचच ठेवले. मग १९८२ मध्ये हाइन्झ वाइरिख यांनी सुचवलेली जोड्यांची रीत वापरली: कोणतं बलस्थान कोणत्या संधीला लावता येतं, कोणत्या उणिवेमुळे कोणता धोका वाढतो. चार स्वतंत्र याद्यांपेक्षा या जोड्यांवर लोक जास्त खरं बोलतात, असा माझा अनुभव आहे.

धोक्यांच्या रकान्यात मोबाइल राहिला नाही. त्याच्या जागी दोन गोष्टी आल्या: गावात निघालेल्या दोन खासगी अभ्यासिका, आणि ताई गेल्या तर काय. अनुदान वाढेलच असं नाही, हा तिसरा. आधीची वाढ दहा वर्षांपूर्वीची होती.

पुढ्यात चार पर्याय होते.

पुनर्विकास. बाजूने बोलणाऱ्यांचा मुद्दा हलका नव्हता: नवी इमारत, लिफ्ट, रोख रक्कम. पण वाचनालय ही सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था. १९५० च्या महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ३६ प्रमाणे तिची इमारत विकायची किंवा तीन वर्षांहून जास्त मुदतीने भाड्याने द्यायची, तर धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी हवी. बदल अर्ज अडकलेला असताना अर्जावर सही कुणाची धरणार? परवानगी, पाडकाम, बांधकाम यात तीन-चार वर्षं गेली तर तोवर पुस्तकं आणि वाचक कुठे? शिवाय नव्या इमारतीत वाचनालय दुसऱ्या मजल्यावरच असणार होतं. लिफ्टचं वीजबिल आणि देखभाल कुणाकडे, हे प्रस्तावात लिहिलेलं नव्हतं.

सभागृहात सशुल्क अभ्यासिका. मागणी खरी होती. पण खासगी अभ्यासिकांत वातानुकूलन, वायफाय आणि रात्रभर प्रवेश. त्यांच्याशी सोयींत स्पर्धा करायला पैसा नव्हता. आणि ज्या चौदा जणांनी जिना सांगितला, त्यांच्यासाठी खालची एकमेव जागा यात कायमची गेली असती.

देवघेव खाली, अभ्यासिका वर. हा पर्याय फोनच्या वहीतून निघाला. तरुण पोरं जिना चढतात, वयस्कर वाचक खाली बसतात. किंमत होती ती सभागृहाच्या भाड्याची, वर्षाला सुमारे सत्तर हजार रुपये. आणि व्याख्यानमालेची जागा जाणार होती.

चौथा पर्याय फक्त छप्पर दुरुस्त करायचा आणि बाकी आहे तसं ठेवायचं. तो कुणी मोठ्याने मांडला नाही, पण प्रत्येक संस्थेत तो बसलेला असतोच. मी तोही फळ्यावर लिहिला.

निर्णय

सगळ्यात कठीण क्षण व्याख्यानमालेचा होता. ती अण्णांच्या वडिलांनी सुरू केलेली. सभागृह गेलं तर ती कुठे भरवणार? बराच वेळ कुणी बोललं नाही. शेवटी अण्णा म्हणाले, “व्याख्यान शाळेच्या हॉलमध्ये होईल. त्या बाई जिना चढून येणार नाहीत.” ते गुडघ्याच्या ऑपरेशनवाल्या सभासदांबद्दल बोलत होते. त्या त्यांच्या शेजारी राहत असत, हे मला नंतर कळलं.

तिसरा पर्याय आठ विरुद्ध तीन मतांनी मंजूर झाला. पुनर्विकासाचा प्रस्ताव नाकारला नाही, बदल अर्ज मंजूर होईपर्यंत तहकूब ठेवला. मला हा मधला मार्ग तेव्हा पटला नव्हता. प्रश्न लोंबकळत ठेवला की तो पुढच्या निवडणुकीचा मुद्दा होतो. पण तो निर्णय संस्थेचा होता आणि मी तो मान्य केला.

मी एका गोष्टीवर मात्र अडून बसले. दुपारची वेळ वाढवायची तर ती ताईंच्या अंगावर फुकट टाकायची नाही. यावर चर्चा लांबली. शेवटी ठरलं की अभ्यासिकेच्या शुल्कातून एक अर्धवेळ सहायक ठेवायची, ग्रंथालय प्रमाणपत्र परीक्षा झालेली, आणि ताईंनी तिला दप्तर शिकवायचं. एका माणसाच्या डोक्यातलं ज्ञान ही उणीव होती, तिच्यावरचा उपायही हाच होता.

कामं कशी झाली

आधी कागद. हिवाळ्यात सरांनी आणि एका वकील सभासदाने बदल अर्जांचा पाठपुरावा केला. १२एच्या पुनर्नोंदणीची मुदत ३० जून २०२४ पर्यंत वाढवलेली होती, त्या महिन्यातच अर्ज गेला. ८०जी आणि सीएसआर-१ त्यानंतर.

छप्पर गुढीपाडव्यानंतर उघडलं आणि मृगाच्या आधी बंद झालं. खर्चाचा मोठा भाग गावातूनच आला. पुण्यात आणि बाहेरगावी असलेल्या माजी सभासदांना सरांनी पत्रं लिहिली, त्यात छपराचा फोटो आणि प्रत्येक टप्प्याचा अंदाजे खर्च दिला. नुसतं “मदत करा” असं लिहिलं नाही, त्याचा उपयोग झाला.

मेच्या सुट्टीत पुस्तकं खाली आली. त्याआधी गणना केली आणि कार्यकारिणीच्या ठरावाने, यादी करून, नादुरुस्त पुस्तकं बाद केली. ताईंना वीस वर्षांची भीती होती, ती यादी बनताना हळूहळू गेली. बालविभाग दाराजवळ ठेवला, कमी उंचीच्या कपाटांत. दाराची पायरी सिमेंटचा उतार घालून सपाट केली. हा शेवटचा उपाय शिपायाने सुचवला, आणि सगळ्यात स्वस्त होता.

वर बत्तीस खुर्च्यांची अभ्यासिका झाली, सकाळी सहा ते रात्री दहा, महिना तीनशे रुपये. खासगी अभ्यासिकांकडे नसलेली एक गोष्ट इथे होती: निवृत्त शिक्षक. राज्यसेवा मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक होणार हे ठरल्यावर मुलांना लिहून दाखवायला कुणीतरी हवं होतं. सरांनी आणि त्यांच्या दोन मित्रांनी रविवारी निबंध तपासायला सुरुवात केली. बलस्थान आणि संधीची ही जोडी आमच्या फळ्यावर नव्हती. ती जागा बदलल्यावर आपोआप जुळली.

परिणाम

२०२५ च्या डिसेंबरमध्ये मी पुन्हा नोंदवही पाहिली. सहा महिन्यांत पुस्तक नेलेले सभासद २१० वरून ३४० झाले होते. सोडून गेलेल्या त्या चौदा जणांपैकी नऊ परत आले. दुपारच्या वेळेत जवळजवळ सगळ्या बायका. त्यांनी आपसांत दिवाळी अंकांची अदलाबदल सुरू केली आहे, तिची वेगळी वही आहे.

पैशाचं गणित साधारण बरोबरीत सुटलं. सभागृहाचं भाडं सत्तर हजारांवरून वीसवर आलं, खालचा एक कोपरा अजून छोट्या कार्यक्रमांना देतात. तीस रुपये महिना वर्गणीने वाढलेल्या सभासदांकडून वर्षाचे सत्तेचाळीस हजारांच्या आसपास आले. अभ्यासिकेचं शुल्क सहायकेचं मानधन, वीज आणि पाणी यांत जातं.

सगळं नीट झालं नाही. अभ्यासिकेतल्या मुलांची ये-जा आणि खालच्या बालविभागातला गलका, दोघांचा एकमेकांना त्रास होतो. परीक्षेच्या महिन्यात तर भांडणं झाली. ८०जी मिळालं, पण सीएसआरचा एक रुपयाही अजून आलेला नाही. दोन कंपन्यांना पत्रं गेली, उत्तर नाही. पुनर्विकासाच्या बाजूच्या दोघांनी राजीनामे दिले, आणि त्यातल्या एकांची जनसंपर्काची हातोटी संस्थेने गमावली. व्याख्यानमाला शाळेच्या हॉलमध्ये भरते, पण पहिल्या वर्षी गर्दी कमी होती.

वेगळं काय करता आलं असतं

पहिली बैठक मी घ्यायलाच नको होती. आधी दप्तर, मग फोन, मग बैठक, हा क्रम असता तर एक्केचाळीस मुद्द्यांचा फळा भरलाच नसता. अध्यक्षांसमोर उघड बोलायला लावणं ही माझी चूक मी वर सांगितली. दुसरी चूक अशी की आम्ही फक्त सोडून गेलेल्यांना विचारलं. कधीच न आलेल्यांना कुणी विचारलं नाही. पेठेमागच्या वस्तीतली मुलं, आठवडे बाजारातल्या विक्रेत्या बाया, नगरपालिकेचे सफाई कामगार, यांच्यासाठी वाचनालय आहे की नाही हा प्रश्न चार रकान्यांत कुठेच आला नाही, कारण तो विचारणारं कुणी खोलीत नव्हतं.

गोंगाटाचा अंदाज आधी यायला हवा होता. जागेचा नकाशा काढून, दिवसाच्या कोणत्या तासाला कोण कुठे असेल एवढं लिहिलं असतं तर दिसलं असतं. आता बालविभागाची वेळ दुपारी चार ते सहा आणि अभ्यासिकेचा मागचा दरवाजा वापरायचा, असा प्रयोग चालू आहे.

काय सोडून द्यायचं हे आम्ही ठरवलं नाही. प्रत्येक रकान्यात पाच मुद्दे ठेवले, पण उरलेल्या मुद्द्यांना पुढची दोन वर्षं हात लावणार नाही असा ठराव हवा होता. तो नसल्यामुळे दर बैठकीत कुणीतरी जुना मुद्दा काढतं, आणि सरांचा निम्मा वेळ त्याला उत्तर देण्यात जातो.

आणि ते बांधीव खंड. तेच आमचं सगळ्यात खरं बलस्थान होतं, दुसरीकडे कुठे मिळेल याची खात्री नसलेलं. ते तळमजल्यावर आले, पण जागा उरली ती पुन्हा त्याच ओलीच्या भिंतीची. ताईंनी त्यांच्यात कडुलिंबाचा पाला ठेवला आहे आणि खाली विटांवर फळी टाकली आहे. येत्या मार्चच्या बैठकीत पहिला विषय म्हणून लोखंडी कपाट आणि त्या भिंतीचा गिलावा आहे, कार्यसूची ताईंनी स्वतः लिहिली आहे.